सहा नंबरची जर्सी

पेटीत चौदाच जर्सी होत्या. सहा नंबरची गायब होती.

क्लबचा चेअरमन ईमन घाम पुसत उभा होता. उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या त्या खेड्यातला गेलिक फुटबॉल क्लब शंभर वर्षांचा होत होता. त्याचा इतिहास लिहायचं काम कमिटीनं गावच्या जीपीच्या, डॉ. शिल्पाच्या गळ्यात घातलं होतं. १९८३च्या फायनलमधली कॅप्टनची हीच जर्सी आणि ती हातात घेतलेली त्याची विधवा ब्रीजिड, असं मुखपृष्ठ ठरलं होतं. चार वाजता फोटोग्राफर येणार, लगेच पुस्तक प्रेसला जाणार.

"पेटी शेवटची कधी उघडलीस?" शिल्पानं विचारलं.

"रविवारी. पंधराच्या पंधरा होत्या, नंबर वर करून. कुबट वास मारत होत्या."

आता वास नव्हता. चौदाही जर्सींच्या घड्या नीट होत्या, पण सगळ्या उलट्या, आतली बाजू बाहेर.

"क्लबच्या किल्ल्या कोणाकडे?"

"मी, ब्रीजिड, आणि चहाचं बघते म्हणून वरदा."

ब्रीजिड फोटोसाठी केस सेट करून बसली होती. "माझ्याच नवऱ्याची जर्सी मी कशाला चोरू?"

"मॅचनंतर जर्सी तुम्ही धुवायचात ना? मी पुस्तकात तसं लिहिलंय. वाळत कशा घालायचात?"

"दोनच वर्षं धुतल्या गं. मशीनमधून निघतील तशा दोरीवर."

"मग पुढे कोण धुवायचं?"

ब्रीजिडनं आरशात बघितलं. "वरदा."

शिल्पा तडक वरदाकाकूंकडे गेली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची बायको म्हणून त्या पंचेचाळीस वर्षांपूर्वी या गावात आल्या आणि इथल्याच झाल्या.

"काकू, जर्सी द्या."

"कुठली?"

"चोरानं सगळा सेट घरी नेऊन धुतला आणि चौदा परत ठेवल्या. कुबट कपडे त्याला बघवले नाहीत. आणि वाळत घातले उलटे, रंग उडू नये म्हणून. माझी आईही तसंच करते, पण पुण्यात. इथे ऊन कुठेय रंग उडायला? इथलं कुणी असं करत नाही."

काकूंनी कपाटातून इस्त्री केलेली जर्सी काढली.

"सत्तावीस वर्षं धुतल्या मी. फायनलच्या आदल्या दिवशी ही कॉलर मी शिवली. आणि कव्हरवर ती? जळले मी, शिल्पा. नुसती जळले."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का? दर गणपतीला माझ्याकडे जेवतेस. इतिहास विचारायला मात्र ब्रीजिडकडे गेलीस."

शिल्पाची मान खाली गेली. चूक तिचीच होती. तिनं फोन काढला.

"ते पान मी आत्ता बदलते. आणि कव्हरवर तुम्ही दोघी. चला, तीन वाजलेत."

"तिच्या शेजारी?" काकूंनी जर्सी पुन्हा कपाटात ठेवली. "फोटो काढायचा तर माझा एकटीचा."