डोनेलनसाहेबाची वारसवही

मोडी वाचणाऱ्या माणसाला मनातल्या मनात वाचता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोडीत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. कुठं तोडायचं ते डोळ्याला कळत नाही, जिभेला कळतं. चाळीस वर्षं मी असाच पुटपुटत आलोय, आणि त्या दिवशीची चूकही त्यातूनच झाली.

काम साधंच होतं. शेळगावच्या विजयमालाताईंना एका जुन्या नोंदीचं देवनागरी करून हवं होतं. त्यांची वारलेली आई नकोशी ही गेणबाची लेक. पण गेणबाचा नातू रविराज, म्हणजे ताईंचा मामेभाऊ, म्हणत होता की आमच्या आज्याला मुलगीच नव्हती. नकोशी कधी शाळेत गेली नव्हती, तिच्या जन्माचा दाखला नव्हता. सोमवारी इंदापूरला तहसीलमध्ये सुनावणी होती.

"जमिनीचं ऱ्हाऊ द्या हो सर," रिक्षातून उतरता उतरता ताई म्हणाल्या. "पर माजी आय जन्मालाच आली न्हाय म्हणत्यात. मग मी कुनाची?"

मला फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आमचे वडील गेले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीकडून, सुधाकडून, मीही हक्कसोडपत्रावर सही घेतली होती आणि तिला साडी नेसवली होती. "दादा, माझं नाव काढायलाच हवं का रे?" असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, रीत आहे. तिनं सही केली.

बारामती-इंदापूर रस्ता सोडून आत गेलं, की पाटाच्या कडेला तो बंगला लागतो. चहूबाजूंनी ऊस. आत शिरलं की कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि जुन्या कागदाचा वास नाकात बसतो. नव्वद वर्षांपूर्वी पाटाच्या कामावर असलेला डोनेलन नावाचा आयरिश इंजिनिअर इथं राहायचा. त्याची कागदपत्रं कन्हेरीचे आप्पासाहेब सांभाळतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही, तरी हा माणूस दर दसऱ्याला प्रत्येक पान उन्हाला दाखवतो, पाला बदलतो आणि लाल फडक्यात बांधून ठेवतो. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. असली माणसं चिमूटभर उरलीत.

"सायबाच्या बापानं तिकडं आयर्लंडात समदी इस्टेट पोरांच्या नावं केली," गाठ सोडता सोडता ते सांगत होते. "भैनीचं नाव बी न्हाय घातलं. सायेब हितनं वीस वरसं भावांशी भांडला. पत्रं हायेत की समदी त्या पेटीत. निकाल लागंस्तवर भैनच गेली."

"मग?"

"मग त्यानं हुकूम काढला. पाटात ज्याची जमीन जाईल, त्याचं समदं लेकरू लिवायचं. पोरगी बी. व्हरांड्यात उभं करून एकेकाचं नाव पुकारायचा. 'हजर' म्हनलं की अंगठा. कडंवरच्या पोरीचा बी अंगठा घेतलाय त्यानं."

परक्या मुलखातला माणूस. आमच्या लेकींची नावं आम्ही लिहिली नाहीत, ती त्यानं लिहून घेतली. मला भरून आलं आणि थोडी लाजही वाटली.

आप्पासाहेबांनी वही माझ्यापुढं ठेवली. "तेवढं मनात वाचा, केशवराव. हितं नावं मोठ्यानं घेत न्हाईत."

"का?"

"घेत न्हाईत," ते एवढंच म्हणाले.

मी हसलो. दुपारचे चार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खिडकीतून उसाचं शेत दिसत होतं. पान सापडलं आणि सवयीनं ओठ हलू लागले.

"गेणबा… मुलगा ज्ञानू…"

काही झालं नाही. त्याला जन्मभर सगळ्यांनी हाक मारलीच होती.

"मुलगी सारजा…"

"हजर."

आवाज व्हरांड्यातून आला, बारीक, लहान पोरीचा. शेतात कुणी असेल, असं मला वाटलं. पण आप्पासाहेबांचा हात फडक्यावर तसाच थांबला होता. बाहेर उसाचं एकही पान हलत नव्हतं. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण अर्ध्या ओळीत जीभ थांबत नाही.

"मुलगी नकोशी… वय दोन…"

"हजर."

हा आवाज माझ्या मानेपाशी आला. दोन वर्षांच्या मुलीचा नव्हता तो. थकलेल्या म्हातारीचा होता, आणि त्याच्यासोबत मिश्रीचा वास आला. मागं वळून बघायची छाती झाली नाही.

विजयमालाताई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. "आये…" त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "माजी आय हाय ही, सर… तिचाच आवाज…"

नावापुढं अंगठा होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पुरावा मिळाला होता. नव्वद वर्षांत पुन्हा कुणी नाव पुकारलं नाही, तरी ही बाई हजर राहायला थांबली होती. भीती होतीच, पण मनातल्या मनात मी तिला हात जोडले.

"वही मिटा," आप्पासाहेब कुजबुजले. "केशवराव… मिटा…"

पण नजर खालच्या ओळीवर गेली होती. तेच अक्षर, तोच बोरू. फक्त शाई ओली होती. आणि काय लिहिलंय ते कळायच्या आत जिभेनं वाचून टाकलं.

"बहीण सुधा… भाऊ केशव… राहणार बारामती…"

खोलीत कुणीच ओ दिली नाही. मी कान देऊन बसलो. आवाज येऊ नये म्हणून देवाला विनवत होतो, कारण माझी सुधा जिवंत आहे.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पडद्यावर तिचंच नाव होतं.

"दादा…" तिला धाप लागली होती. "मघापासून तीनदा 'हजर' म्हणाले रे मी… तुला ऐकू येत नाही का?"