चाळीस साक्षीदार

करंजखाडीच्या नगरपरिषदेच्या सभागृहात दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले होते. एक साधा, आणि दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. २०६८ सालच्या त्या मे महिन्यात साध्याकडे कुणी बघत नसे. माणसं आत आली की आधी ओल्या तापमापकाकडे बघत, मग खुर्ची शोधत. त्या सकाळी तो तीस अंशांवर होता.

घाम वाळतो म्हणून शरीर थंड राहतं. हवा फार दमट झाली की घाम वाळत नाही, आणि तेव्हा ओलं फडकंही थंड होत नाही. ते पस्तीस अंशांवर गेलं, की धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी काही तासांत मरतो. किनाऱ्यावर त्या वेळेला कोंडघडी म्हणत. चार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका बंदरात ती नऊ तास टिकली होती. तिथली माणसं नंतर आपापल्या घरात बसलेली सापडली. अंगावर ओले टॉवेल होते.

डॉ. अनघा सबनीस व्यासपीठावर आल्या तेव्हा सभागृहात बसायला जागा नव्हती. जिल्ह्यासाठी हवामानाचं प्रारूप त्या चालवत. प्रारूप म्हणजे संगणकातली पृथ्वी. आजची हवा कुठेच अगदी अचूक मोजता येत नाही, म्हणून त्या पृथ्वीच्या पन्नास प्रती करत. प्रत्येक प्रतीची सुरुवात जराशी वेगळी, काहींचे नियमही थोडे वेगळे. मग पन्नासही जणी पुढच्या आठवड्याची हवा आपापल्या परीनं सांगत. लोक या प्रतींना साक्षीदार म्हणत.

पन्नासांपैकी चाळीस साक्षीदारांनी कोंडघडी सांगितली, तरच गाव हलवायचा आदेश निघे. हा नियम लोकांनीच मागून घेतला होता. सात वर्षांपूर्वी करंजखाडी एकाच उन्हाळ्यात दोनदा डोंगरावरच्या छावणीत गेली, आणि दोन्ही वेळा काहीच झालं नाही. वर्षभर वाहिन्यांवर एकच वाद चालला, हे प्रारूप विश्वासाचं की नाही. शेवटी समिती बसली. ज्या प्रती उगाच ओरड करत होत्या, त्या चौदा प्रती काढून तिथं शांत प्रती बसवण्यात आल्या. समितीच्या अहवालावर अनघांचीही सही होती.

"मॅडम, आकडा सांगा," नगराध्यक्ष रोहिदास पागधरे म्हणाले. दुसऱ्या वेळी गाव हलवलं तेव्हा त्यांचे वडील घाटातच, बसमध्ये दगावले होते. हे सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं.

"आधी एक सांगते. आकडा कमी आला म्हणजे धोका नाही, असं नसतं."

"मग आकडा कशाला काढता?" मागून एक बाई म्हणाल्या. "एकदा म्हणता येणार, मग येत नाही. आता म्हणता आकडा बघू नका. आम्ही बघायचं तरी कशाकडे?"

"कोंडघडी येणार की नाही येणार?" रोहिदासभाऊंनी शांतपणे विचारलं. "सोळा हजार माणसं आहेत. म्हातारी आहेत, बाळंतिणी आहेत. घाटात मी माझा बाप मांडीवर घेऊन बसलो होतो. या खेपेला नक्की असेल तरच बोला."

अनघांच्या हातातल्या पडद्यावर आकडा होता. अकरा.

आदल्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता जुन्या चौदा प्रती पुन्हा चालवल्या होत्या. बारा जणींनी कोंडघडी दाखवली होती, तिसऱ्या दिवशी, याच खाडीवर. पण त्याच प्रती पूर्वी दोनदा खोट्या ठरल्या होत्या. खरं उत्तर एवढंच होतं, की माहीत नाही. ते दिलं तर इथून एक माणूसही हलणार नाही, हे समोरच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या.

बाया उठल्या आणि घरी सामान बांधायला गेल्या. त्या सकाळी अनघांनी नोंदीतही चव्वेचाळीस लिहिले. कोंडघडी आली नाही तर यानंतर कधीच कुणी ऐकणार नाही, ही एक भीती होती. आली तर काय, हा विचार त्यांनी तेव्हा केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी करंजखाडीचा ओला तापमापक पस्तीसच्या वर गेला आणि सात तास तिथंच राहिला. छावणीत बसून लोक तो आकडा पडद्यावर बघत होते. गावात तीनच माणसं मागे राहिली होती. ती खाडीत गळ्यापर्यंत उतरलेली सापडली. पाणीही अंगाइतकंच गरम होतं.

खऱ्या ठरलेल्या अंदाजाची चौकशी कुणी करत नाही. प्रारूपावरचा वाद एका दिवसात संपला. चाळीसचा नियम योग्य होता, असं सगळीकडे छापून आलं. करंजखाडीनं अनघांचा सत्कार केला. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या दुकानांतून रोजचा आकडा फळ्यावर लिहायची पद्धत पडली, आणि तो दहाच्या खाली असला की लोक निर्धास्त कामाला जात.

पुढच्या मे महिन्यात, एका सोमवारी, किनाऱ्यावरच्याच शिरवेळ गावाचा आकडा नऊ आला. अनघांनी जुन्या प्रती चालवल्या. चौदाही जणींनी दुसऱ्या दिवशीची कोंडघडी दाखवली. अनघांनी शिरवेळच्या सरपंचांना फोन केला. ते हसले.

"मॅडम, नऊच आहे की. तुमचंच प्रारूप ना? आता आम्ही तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो त्याच्यावर."

मग अनघांनी रोहिदासभाऊंना फोन लावला. त्यांचा शब्द शिरवेळमध्ये चालत असे.

"भाऊ, त्या दिवशी आकडा चव्वेचाळीस नव्हता. अकरा होता."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे कुणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"सांगू नका. लोकांना कळलं तर यापुढे चव्वेचाळीस आले तरी कुणी हलणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर उद्या शिरवेळ हलणार नाही."

"मग तिथं उद्या काय होणार?"

"मला माहीत नाही, भाऊ. तेव्हाही माहीत नव्हतं."

"माझी शोभा तिथं आहे," ते म्हणाले. "सासर तिचं. तिचा सकाळी फोन आला होता. बाबा, पोरांना घेऊन तुमच्याकडे येऊ का, म्हणत होती. मी म्हटलं, नऊच आहे, कशाला घाबरतेस. घरीच राहा."

"तिला पुन्हा फोन करा."

"करतो. पण काय सांगू?" रोहिदासभाऊ म्हणाले. "आता ती माझंही ऐकायची नाही. फळ्यावर नऊ लिहिलंय."