एळु म्हणजे सात

‘आधी वचन द्यायचं, मग घ्यायचं. बेल दाबा, मी येते. मी येईपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही. असं म्हण, आणि पेशंटच्या तोंडून “सरी” नाहीतर “बरं” आल्याशिवाय बेडपासून हलू नकोस.’

सोयराबाई सिस्टरांनी मला हे शिकवलं त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या आता नाहीत. पण बेंगळुरातल्या पीण्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, मी रोज सकाळी तेच करायचे. बारा बेड. प्रत्येकीला विचारायचं, याआधी कधी पडलात का, चक्कर येते का, झोपेची गोळी चालू आहे का, चालताना कशाचा आधार लागतो. त्याचे गुण मांडायचे. पंचेचाळीसच्या वर गेले की मनगटाला पिवळा पट्टा, बेडचे दोन्ही कठडे वर, बेल हाताशी. आणि शेवटी ते वाक्य, कानडीत नाहीतर मराठीत. माझा आवाज मुळातच बारीक, ऐकायला वाकावं लागतं. तरी म्हाताऱ्या बायकांचा त्याच्यावर विश्वास बसायचा. आठ नंबरच्या चंदनाम्मा, शाळेतून रिटायर झालेल्या, तहान लागली तरी तांब्याकडे हात न नेता माझी वाट बघत पडून राहायच्या.

पहाटे तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, मग बस. आणि दुपारी दीड ते दोन मौन. अकरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत स्टूल टाकून बसायचं, दार लावून. दिवसभर जिभेनं जे सांडलं असेल ते देवानं पदरात घ्यावं, एवढंच मागणं.

पहिल्यांदा पडली ती दोन नंबरची बाई. दुपारी एक चाळीसला. मनगट मोडलं. कठडा खाली केलेला, बेल दाबलेली नाही. का उठलात, मी विचारलं.

‘एळु अंदरु,’ ती म्हणाली. एळु म्हणाले.

एळु म्हणजे सात. वॉर्डात आम्ही माणसं नंबरानंच ओळखतो. मला वाटलं, सात नंबरवरून कुणी हाक मारली आणि ही मदतीला उठली. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी तसंच लिहिलं.

आठ दिवसांनी नऊ नंबरची पडली. वेळ एक पस्तीस. डोक्याला लागलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना तिनं माझी बाही धरली. ‘एळु,’ म्हणाली, ‘एळु अंदरु.’ माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मग सात नंबरची तपासणी झाली. या दुसऱ्या वेळी तर त्या बेडवर कुणी नव्हतंच. आमचा गिरीराज ब्रदर बेडखाली शिरला.

‘ब्रेक ठीक, चाकं ठीक, फरशी कोरडी. आता भूतच राहिलं. त्यालाही एक पिवळा पट्टा बांधा, अक्का.’

‘गुण किती देऊ?’ मी म्हणाले.

‘पाय नाहीत म्हणतात त्याला. पडणार कुठून? शून्य लिहा.’

हसलो दोघंही, पण स्वल्पच. दुसऱ्या दिवशी सात नंबरचा बेड वॉर्डातून हलवला. फरशीवर चाकांचे चार डाग राहिले.

त्याच आठवड्यात चार नंबरला तुंगाबाई आल्या. आमच्यातल्याच, पिढ्यान्पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, गुण ऐंशी. आता पडल्या तर वाचवणं आमच्या हातात नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. मुलगी पवित्रा, इलेक्ट्रॉनिक सिटीतलं काम आटोपून रोज संध्याकाळी यायची.

‘अक्का, मला आईशिवाय कुणी नाही. तिला पडू देऊ नका.’

‘नाही पडू देणार,’ मी म्हणाले. व्रत पाळणाऱ्या बाईनं शब्द जपून द्यावा. मी दिला.

तुंगाबाईंना माझ्या मौनाची मोठी गंमत वाटायची. ‘रोज अर्धा तास गप्प? आमच्या ह्यांना कळलं असतं तर तुला साडी नेसवली असती, माझ्या बायकोला शिकव म्हणून.’

गुरुवारी दोन वाजता मी खोलीतून बाहेर आले. चार नंबरचा पडदा बाजूला केला. तुंगाबाई उठून बसल्या होत्या. एक पाय कठड्याच्या दांड्यांत अडकलेला, दुसरा बाहेर लोंबत होता.

‘हे काय, तुंगाबाई! मी येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?’

‘थांबलेच होते की. तू आलीस म्हणून उठले.’

‘मी?’

‘पडद्याआडून म्हणालीस, मी आले, ऊठ. हा मेला पाय अडकला, नाहीतर केव्हाच उतरले असते.’ मग जरा लाजून म्हणाल्या, ‘एरवी उठा, बसा करतेस. आज अगं-तुगं केलंस. बरं वाटलं गं. आई उठवायची तशी.’

त्यांचा पाय सोडवताना माझे हात थांबले.

एळु म्हणजे सात. आणि एळु म्हणजे ऊठ. लहान मुलाला म्हणतात तसं. वडीलधाऱ्यांना आम्ही ‘एळी’ म्हणतो, उठा. ‘एळु’ कुणी म्हणेल हे मनातच आलं नव्हतं. नऊ नंबरच्या बाईची नजर आठवली. मला ती वेदना वाटली होती. ती तक्रार होती.

एक चाळीस. एक पस्तीस. आणि आजची वेळ. तिन्ही माझ्या मौनातल्या.

शुक्रवारी दिवा लावताना मी देवाला सांगितलं, आज मौन होणार नाही. काय दोष लागायचा तो मला लागू दे.

एक पंचवीसला चार नंबरच्या बेडशी बसले. दोन्ही कठडे वर. तुंगाबाईंचा हात माझ्या हातात. त्या माहेरच्या दुकानाची गोष्ट सांगत होत्या, कापडाच्या ठाणांमागे लपायच्या ती. मी मधे मधे विचारत होते. बोलत राहायचं, एवढंच ठरवलं होतं.

दीड वाजला. ‘मग पुढे?’ मी म्हणाले.

ओठ हलले. आवाज आला नाही.

घसा दुखत नव्हता. मी पुन्हा म्हणून पाहिलं. काहीच नाही.

तुंगाबाई बोलता बोलता थांबल्या. माझ्या खांद्यावरून पलीकडे, पडद्याकडे बघून हसल्या.

‘मी आले. ऊठ.’

बारीक आवाज. ऐकायला वाकावं लागेल असा.

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. मान हलवली, नाही, नाही. वाटेत आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘सोड. ती आलीय. मी शब्द दिलाय तिला.’

मी सोडलं नाही. कोपरानं बेल दाबली. टेबलापाशी ती वाजत राहिली. गिरीराज जेवायला गेला होता.

आवाज जरा थांबला. मग पुढे सरकला.

पाच नंबर. आता कानडीत तेच, ‘बंदे. एळु.’

सहा नंबर. ‘बंदे. एळु.’

बेड नसलेल्या जागेशीही तो थांबला.

सकाळीच मी एकेकीपाशी वाकून ते वाक्य म्हटलं होतं. एकेकीकडून वचन घेतलं होतं. तुंगाबाई माझ्या हातांत धडपडत होत्या, आणि ओरडायला माझ्याकडे काही नव्हतं.

‘सरी,’ आठ नंबरच्या पडद्याआड चंदनाम्मा हळूच म्हणाल्या.

कठडा खाली गेल्याचा खट् आवाज झाला. मग फरशीवर चप्पल चाचपणारा एक पाय ऐकू आला.