मोटर चालू झाली

लवळ्याच्या चढावरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर कुणीच नव्हतं. कॉम्प्युटर बनवून घ्यायला आलेल्या स्नेहलने तिथली सायकलची घंटी वाजवली आणि... टेबलाखाली पंखा घरघरला, समोरचा स्क्रीन उजळला! ती दचकून दोन पावलं मागे सरली.

"भिऊ नका, कॉम्प्युटरचं बटण हाय ते," आतून हसत आलेला रत्नदीप म्हणाला. "मिक्सरचं हाय, रिक्षाच्या किल्लीचंबी हाय. तुमाला कसलं पायजे?"

इतक्या मिश्कील डोळ्यांना सरळ उत्तर कोण देणार?

"असं, की होस्टेलवर कुणाला सापडूच नये!"

आठ दिवसांचं ते काम त्याने दोन महिने लांबवलं. तीही रोज "झालं का?" विचारायला जायची, चहा पिऊन यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

अखेर कॉम्प्युटर तयार झाला. त्याला बटणच नव्हतं! शेतकरी घरबसल्या फोन करून विहिरीवरची मोटर सुरू करतात ना, तसला घरच्या शेतातला जुना मोबाईल स्टार्टर त्याने आत बसवला होता.

"आतल्या सिमकार्डाला फोन लावायचा. रिंग गेली की चालू, परत लावला की बंद," तो म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "फोन... जरा कानाला धरत जा."

"मिस्ड कॉलला कान कशाला?" ती हसली.

तेव्हापासून रोज सकाळी एक रिंग, की कट. रत्नदीप मात्र त्या दिवसापासून मिटलाच. ती दुकानात गेली की आशेने बघायचा, आणि मग नजर चुकवायचा. दिवाळी सरली, तिला हैदराबादची नोकरी लागली, रविवारची गाडी ठरली. एवढं होऊनही हा पठ्ठ्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला! तो बोलला नाही तर सगळं इथेच संपणार, या विचाराने तिला रडू यायचं.

आणि गुरुवारी कॉम्प्युटर आपोआप चालू झाला. शुक्रवारी पुन्हा तेच, वर काम अर्धवट असतानाच बंदही पडला. स्नेहल भडकली आणि, खोटं कशाला सांगा, मनातून सुखावलीही. नंबर त्याच्याशिवाय होता कुणाकडे?

तिने तडक दुकान गाठलं. "बोलायचं तर तोंडाने बोल की! मिस्ड कॉल कसले देतोस?"

"म्या?" तो थिजलाच. "आईशप्पथ न्हाई!"

तेवढ्यात त्याचे आजोबा, किसनआबा, चिखलाच्या पायांनी फोन नाचवत आत आले. "रत्न्या, वांगी वाळाय लागली! तुजी मोटर नुसती बोलती, पाणी काय देत न्हाई!"

"आबा... तुमी जुनाच नंबर लावताय?" रत्नदीप पांढराफटक पडला. "नवा स्टार्टर बसवला की विहिरीवर!"

"मला काय ठावं? पावसाळाभर मोटर लावलीच कुटं? आता लावली, तर ही खताची जाहिरात. ऐक!"

आबांनी स्पीकर लावला. रत्नदीप झेपावला, पण उशीर झाला होता. एक रिंग... दोन... तिसऱ्या रिंगला यंत्राने आपणच फोन उचलला.

"स्नेहल..." रत्नदीपचा अडखळता आवाज आला. "तोंडावर बोलाय जमत न्हाई. तू मला लई आवडतीस. तुजं न्हाई असंल तर... काय बोलू नको. मी समजून घीन." आणि शेवटी स्टार्टरचं मूळचं वाक्य, "मोटर चालू झाली."

तीन महिने! तीन महिने हे वाक्य स्नेहलच्याच खोलीत, तिच्याच टेबलावर पडून होतं.

"मी कट करायचे," ती कशीबशी म्हणाली. "रोज... पहिल्याच रिंगला."

"म्हंजी तू..." त्याचा आ वासलेला. "मला वाटलं, ऐकून गप हायस."

"आणि मला वाटलं, तुझ्या मनात काही नाहीच!"

"आरं," आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, "मंग स्नेहल खताचं नाव न्हाई व्हय?"

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले. "आबा, स्नेहल मी. आणि माझं... हो आहे."

"पर रविवारची गाडी?" रत्नदीपने हळूच विचारलं.

"गाडी जाणार. कॉम्प्युटर मात्र तुझ्या काउंटरवर राहणार. तिकडे ऑफिसचा मिळेल मला."

सोमवारी सकाळी हैदराबादहून तिने फोन लावला. एक रिंग झाली. सवयीने अंगठा लाल बटणाकडे गेला... तिने तो मागे घेतला आणि फोन कानाला घट्ट धरला.