एकसष्ट नंबरचा फोन

"आत कुणी आहे का?" एवढं विचारायचीही तसदी रखवालदारानं घेतली नाही. धाडकन दार लागलं, बाहेरून कडी पडली आणि तळघरातला एकुलता एक दिवा विझला. त्याचं बटण बाहेर होतं!

"अहो काका! आम्ही आत आहोत!" रेडिओ दारावर बुक्के मारत ओरडला. रेडिओ हा थोरलीचा मामेभाऊ. झोपेतसुद्धा त्याचं प्रक्षेपण चालू असतं म्हणून हे नाव. पण आज त्याचा आवाज त्या जाडजूड दारापलीकडे पोचेना. पावलं जिना चढून निघून गेली.

"ताई," थोरलीचा आठ वर्षांचा भाऊ टाचणी तिच्या बाहीला लोंबकळला, "आपण आता इथेच मरणार का?"

"गप रे! डबा खाऊन झाला की मामी शोधायला येईलच," थोरली म्हणाली. तिचा आवाज ठाम होता.

खरं तर अंधाराची भीती तिला दुसऱ्या नंबरची होती. पहिल्या नंबरची भीती सकाळपासून तिच्या मागे लागली होती.

सुट्टीसाठी ती आणि टाचणी मामाकडे आली होती. रेडिओची आई, म्हणजे मामी, सैन्याच्या जुन्या दप्तराच्या कचेरीत फाटके कागद खळ लावून सांधायची. थोरलीचे बाबा मागच्या वर्षी आजारानं गेले. तिच्या जन्माआधीच्या लढाईत ते फोनच्या तारा जोडायचे, एवढंच घरात माहीत होतं. आता चौकात त्या लढाईतल्या शिपायांची नावं दगडावर कोरणार होते. यादीत बाबांचं नाव नव्हतं! मामीनं त्यांचं सेवापत्रक काढून पाहिलं, तर त्यावर लाल शाईत शेरा: 'तीन दिवस ठिकाणावर गैरहजर.'

"गैरहजर म्हणजे पळाला," हेडक्लार्क पेन्सिलीला टोक करत म्हणाले होते. "यादी आज चारला पाथरवटाकडे जाते. शेरा खोटा पाडणारा कागद असेल तर आणा. तळघर मात्र दुपारपासून बंद."

बंद कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून रखवालदार डब्यात डोकं घालून बसल्यावर तिघं गुपचूप खाली उतरली होती.

"ताई, टॉर्च आहे माझ्याकडे," रेडिओ कुजबुजला. "सेल जरा म्हातारे आहेत."

पिवळट उजेडात लोखंडी मांडण्या उभ्या राहिल्या. कुठेतरी काहीतरी खसपसलं. टाचणीनं डोळेच मिटून घेतले.

"इथे माणसाच्या नावानं काही सापडत नाही," रेडिओ म्हणाला. "तुकडीच्या नावानं शोधायचं. आई रोज जेवताना हेच सांगते, भाजीत मीठ नसलं तरी!"

तारवाल्यांच्या तुकडीचं गाठोडं तळाशी होतं. थोरलीनं नाडी सोडली. वर हजेरीपट. सेवापत्रकावर बाबांचा नंबर होता एकसष्ट. तिचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. एक फुली. दुसरी फुली. तिसरी!

म्हणजे खरंच?

"बाबा घाबरले होते का गं?" टाचणीनं विचारलं.

वही मिटावी, परत बांधावी आणि काहीच सापडलं नाही असं वर जाऊन सांगावं, असं थोरलीला वाटलं. कुणाला कळणार होतं?

"थांब थांब!" रेडिओनं टॉर्च नाकाला टेकेल इतकी जवळ आणली. "ही हजेरी कुठे घेतलीय बघ. तंबूत! तार काय तंबूत तुटते? तोडणारे तोफगोळे बाहेर पडतात!"

"पण निघताना सही करून जायचं असेल ना?"

"गोळे पडत असताना? तू थांबली असतीस सही करायला?"

थोरलीनं घाईघाईनं गाठोडं उपसलं. तळाला एक लांबट वही होती: टेलिफोनवाल्याची. तार जोडणारा माणूस प्रत्येक जोडापाशी आपला फोन लावून मागे बोलायचा, आणि टेलिफोनवाला वेळेसकट लिहून ठेवायचा. ती पानं उलटू लागली. त्याच तारखा. 'पहाटे ५.१०. एकसष्ट. सातवा जोड. आवाज स्पष्ट.' दुसऱ्या दिवशीही एकसष्ट. तिसऱ्या दिवशीही!

"सापडले!" ती किंचाळली. "बाबा तारेवर होते!"

तेवढ्यात वरून भर्रर्र असा आवाज सुरू झाला. छताजवळच्या झरोक्यातून एक काळा पाइप आत डोकावला आणि त्यातून पांढरा धूर फुसफुसला. घशाला झोंबणारा, तिखट.

"वाळवीचं औषध!" रेडिओचं तोंड पांढरंफटक पडलं. "म्हणून तळघर बंद! ते विषारी असतं!"

तिघं जिवाच्या आकांतानं ओरडली. पण वर यंत्राची घरघर चालू. थोरलीनं ओढणी टाचणीच्या नाकातोंडावर बांधली. गाठ दोनदा सुटली.

"मांडणीवर चढ, रेडिओ! पाइप बाहेर ढकल!"

रेडिओ चढला. पाइप बाहेर गेला. बाहेरून औषधवाल्यानं तो पुन्हा आत घातला. रेडिओनं पुन्हा ढकलला. तो पुन्हा आत! डोळ्यांना धारा लागल्या, खोकला थांबेना. शेवटी थोरलीही वर चढली. दोघांनी मिळून पाइप धरला आणि सगळा जोर लावून आत खेचला.

"अगं आई गं! आत कोणीतरी ओढतंय!" बाहेर औषधवाल्यानं बोंब ठोकली, आणि यंत्र बंद पडलं.

पुढच्या मिनिटाला दार उघडलं. मामीनं तिघांना एकदमच कवटाळलं. मग एकेकाच्या पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा कवटाळलं.

"मी आत नीट बघितलं होतं साहेब!" रखवालदार हेडक्लार्कना सांगत होता.

"कधी? डबा खाताखाता?" खोकत खोकत रेडिओ म्हणाला.

हेडक्लार्क वहीकडे बघून गुरकावले, "अर्ज न करता काढलेला कागद आम्हाला चालत नाही."

पण थोरलीनं वही सोडली नाही. "साहेब, मग दोन अर्ज करते. एक या वहीचा. दुसरा, तीन मुलं आत असताना कडी घालून विषारी धूर सोडला त्याचा. पहिला कुठला घेता?"

हेडक्लार्कनी मुकाट्यानं खुर्ची ओढली. चार वाजायला वीस मिनिटं होती. एकेक नोंद वाचत ते नक्कल उतरवू लागले आणि हळूहळू त्यांचा आवाज बदलला. "तीन दिवस हा माणूस तुटक्या तारेवर! पोरींनो, पोरांनो, शाबास! आमच्या कचेरीला इतक्या वर्षांत जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत."

"एकच पोरगी आहे, साहेब," मामी डोळे पुसत म्हणाली, "पण पुरून उरलीय!"

मग हेडक्लार्क अडखळले. "ही शेवटची नोंद मात्र गाळू या. शिपायाला शोभत नाही." त्यांनी ती हळूच वाचली. "'एकसष्ट म्हणतो, फार भीती वाटते, बोलत राहा. अकरावा जोड पूर्ण.'"

"नाही!" थोरली म्हणाली. "ती नोंद सगळ्यात आधी लिहा."

हेडक्लार्कनी तिच्याकडे पाहिलं. नवा कागद घेतला आणि पहिल्याच ओळीवर ते शब्द जसेच्या तसे उतरवले.

तिकडे दारात, ओढणी गळ्यात घालून टाचणी छाती फुगवून रखवालदाराला सांगत होता, "माझे बाबा किती घाबरले होते, माहितीये? सलग तीन दिवस!"