पालथी पडून पाहिलेला माणूस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त घोट्यापर्यंत.

माझा इलाजच नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावर मी पालथी, तोंड भोक असलेल्या उशीत, आणि खाली दिसत होत्या दोन हिरव्या चपला. मणक्यातली गादी सरकून नस दाबत होती, वर्षभर उजव्या पायात कळा येत होत्या. मी पार्लर चालवते. उभं राहता आलं नाही तर दुकानाला कुलूप... या एका विचाराने माझी झोप उडाली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, छोट्याशा छेदातून दुर्बीण घालून तेवढाच तुकडा काढू, संध्याकाळी घरी जाशील. फक्त पूर्ण भूल द्यायची नाही. पायात काय होतंय ते मी सांगत राहायचं, म्हणजे नसेला धक्का लागणार नाही.

मला बोलतं ठेवायचं काम हिरव्या चपलांकडे होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हा मदतनीस. मी केस कापते म्हटल्यावर त्याने लगेच स्वतःच्या केसांबद्दल मत विचारलं.

"मला तुमच्या चपलाच दिसताहेत," मी म्हटलं.

"त्यावरून काही अंदाज?"

"कंगव्याशी तुमचं फारसं पटत नसावं."

डॉक्टरबाईंनी त्याला दटावलं, की हसवू नकोस, ती हलेल. पण त्यांच्याही आवाजात हसू होतं.

आणि तेवढ्यात पायातून सणक गेली. मी दात आवळले. घरात मी थोरली, दुखलं-खुपलं तरी "काही नाही" म्हणायची जन्माची खोड. त्याने विचारलं तेव्हाही तेच म्हणाले.

चपला जवळ आल्या. तो खाली वाकला आणि मास्कच्या वर दोन डोळे दिसले – काळजीने भरलेले.

"तुमची मूठ बघा कशी वळलीय," तो हळूच म्हणाला. "इथे सोसल्याबद्दल शाबासकी मिळत नाही. सांगून टाका."

"टाचेपर्यंत गेली... खूप दुखलं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

डॉक्टरबाई तत्क्षणी थांबल्या. "बरं झालं बोललीस," म्हणत त्यांनी दुर्बीण जराशी वळवली आणि पुन्हा कामाला लागल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, कळ नाहीये. मी पायात ती शोधली, खरंच नव्हती. इतकं हलकं वाटलं की पुन्हा रडले. या वेळी तो नुसता तिथे बसून राहिला.

पट्टी काढायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी पार्लर उघडायची परवानगी दिली. आनंदात बाहेर आले, तर व्हरांड्यात तो. बिनमास्कचा. केस – देवा! एका कानावर पायरी, दुसऱ्यावर झुडूप. तरी बघतच राहावंसं वाटलं.

"आता तुम्ही आमच्या पेशंट नाही," तो घसा साफ करत म्हणाला, "म्हणून... म्हणजे, कधीतरी चहाला..."

"बघू" असं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"पट्टी घराजवळच्या दवाखान्यातही काढता आली असती," मी म्हटलं. "इतक्या लांब आले ती तुम्ही दिसाल म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. जिन्यापाशी त्याने सवयीने हात पुढे केला. मला आता आधाराची गरज नव्हती.

मी तो घट्ट धरला.