आधी हसू, मग अर्ज

बोरखेडीच्या नागरिक सेवा केंद्रात हसल्याशिवाय काम होत नसे. भिंतीवर समाधानमापक बसवला होता. वाटीएवढा कॅमेरा, चेहरा ओळखायचा आणि त्यावरच्या स्नायूंवरून नागरिक किती समाधानी आहे ते टक्क्यांत सांगायचा. नियमाप्रमाणे आधी सेवा, मग मोजमाप. पण केंद्रचालक निवास ढगे समाधानाची पोच आधीच घेऊन ठेवायचा. काम झाल्यावर हसायला थांबतंय कोण?

त्या दुपारी इंदूताई खिल्लारे आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या प्राणवायू यंत्राचा परवाना संध्याकाळी सहाला संपत होता. नूतनीकरण झालं नाही, तर घरातलं यंत्र मुंबईहून आपोआप बंद होणार होतं.

"काकू, हसा."

"मेल्या, तिकडे त्यांना धाप लागलीय आणि मी हसू?"

"मीच हसलो असतो. पण माझं हसू तुमच्या नावावर चढत नाही. काल पाटलांसाठी हसून बघितलं, माझाच उत्पन्नाचा दाखला निघाला."

इंदूताईंना खरोखरच हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मापकाने शंभर टक्के दाखवले. निवासने टाळी वाजवली आणि अर्जाचं बटण दाबलं.

पडद्यावर ओळ आली : 'नागरिक पूर्ण समाधानी. मागणी शिल्लक नाही. अर्ज निकाली.'

सकाळीच प्रणालीची नवी आवृत्ती आली होती. समाधानी माणसाला आणखी काही हवं असेल, हे तिला पटत नव्हतं.

निवासने बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. नेमक्या त्याच वेळी मूल्यमापन अधिकारी गौरी नेवसे शाल-श्रीफळ घेऊन आत आल्या. केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं होतं.

"मॅडम, आधी यांचं बघा! माणूस जाईल!"

"मी मूल्यमापन करते हो, सेवा देत नाही," त्या हळहळून म्हणाल्या. "घरून तक्रार नोंदवा ना. सोपं आहे, नुसता चेहरा दाखवायचा." मग त्यांनी निवासच्या खांद्यावर शाल घातली. फोटोत निवास हसला. सवयच तशी होती.

तालुक्याच्या दवाखान्यात निवासने फोन लावला. सिलिंडर होता, त्यालाही तोच परवाना लागत होता.

सहाला दहा मिनिटं असताना इंदूताईंनी घरी फोन चेहऱ्यासमोर धरला. 'चेहरा जुळत नाही,' फोन म्हणाला. 'नोंदीतील इंदूबाई खिल्लारे हसतमुख आहेत.'

त्यांनी ओठ ताणले. जुळलं नाही. दात दाखवले. पदर तोंडाला लावून, दुपारसारखं पोटातून हसायचा प्रयत्न केला.

'स्वागत आहे, इंदूबाई. आपण समाधानी आहात. तक्रार निकाली.'

त्या पुन्हा हसल्या. पुन्हा निकाली. पुन्हा हसल्या.

कोपऱ्यातल्या यंत्राची घरघर थांबली. खाटेवरून नवऱ्याने मान वळवली. हसणाऱ्या बायकोकडे तो बघतच राहिला.

"काय गं," त्याने कसाबसा श्वास ओढला, "झालं का काम?"